मुंबईत ओळखीनं भाजी-मासळी कशी मिळवावी: नव्यानं आलेल्यांसाठी

नोकरीसाठी, लग्नानंतर किंवा शिक्षणासाठी मुंबईत आलेल्या घरांचा पहिल्या वर्षीचा प्रश्न बहुतेक सारखाच असतो. गावाकडच्यासारखी भाजी, आपल्या चवीचा तांदूळ, ताजी मासळी इथं कुठं मिळते? मिळते, आणि भरपूर मिळते. फक्त त्याची पाटी कुठं लागलेली नसते. सफाळ्याची भाजी पहाटेच्या गाडीनं येते, वसईची केळी ठरलेल्या गल्लीत ठरलेल्या दारी जातात, कर्जत-कसाऱ्याकडच्या रानभाज्या स्टेशनाबाहेर दोन तासांत संपतात. ज्याला ठाऊक आहे त्याला मिळतं, आणि ज्याची ओळख आहे त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलं जातं.

या ओळखीला, त्यातल्या भरवशाला आणि एकमेकांना सांगितलेल्या माहितीला अभ्यासक सामाजिक भांडवल म्हणतात. मुंबईत ते विकत घेता येत नाही, पण दीड-दोन वर्षांत कुणालाही उभं करता येतं. गोरेगावात आमच्या इमारतीतला भाजीचा गट चालवताना आणि आसपासचे गट बघताना जे उपयोगी ठरलं, ते इथं क्रमानं लिहितो आहे. सगळ्या पायऱ्या सगळ्यांना लागतीलच असं नाही. पहिल्या तीन मात्र सोडू नका.

पहिली पायरी: महिनाभर नुसतं बघा

लगेच गट काढायच्या मागे लागू नका. तुमच्या भागाला आज कोण खाऊ घालतंय, ते आधी बघून घ्या. सकाळी सातच्या आत, दुपारी चारला आणि रात्री नऊनंतर अशा तीन वेळांना स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता चाला. एकाच फुटपाथवर तीन वेळेला तीन वेगळी माणसं बसलेली दिसतील. सकाळी पाटी घेऊन बसलेली बाई बहुधा माल स्वतः आणते. दिवसभर हातगाडी लावणारा भाऊ वाशीच्या बाजार समितीतून किंवा दादर-भायखळ्याच्या घाऊक बाजारातून उचलतो. दोघांची गरज असते, पण दोघांकडून मिळणारी माहिती वेगळी. कांदा महाग का झाला हे हातगाडीवाला सांगेल. यंदा वालाच्या शेंगा उशिरा का आल्या हे पाटीवाली सांगेल.

एकदा तरी पहाटे दादर पश्चिमेला जाऊन या. केशवसुत पुलाच्या आसपास उजाडायच्या आधी जी उलाढाल चालते, ती बघितल्यावर आपल्या ताटातली भाजी किती हातांतून येते ते कळतं. विरार-डहाणू बाजूच्या गाड्यांचा मालडबाही बघण्यासारखा असतो. त्या डब्यात रोज प्रवास करणाऱ्या बायकांचं आपसातलं जाळं पक्कं असतं. एखादी आजारी पडली तर तिची पाटी दुसरी विकून देते, सुट्टे पैसे एकमेकींना पुरवले जातात, आणि कुठल्या स्टेशनाबाहेर आज पालिकेची माल उचलणारी गाडी फिरतेय ही बातमी सगळ्यांच्या आधी तिथं पोहोचते. आपण ज्या साखळीत शिरू पाहतोय तिची सुरुवात या डब्यात आहे.

दुसरी पायरी: एक भाजीवाली, एक मासळीवाली धरा

रोज नव्या माणसाकडून दोन रुपये स्वस्त घेत फिरलात, तर दहा वर्षांनीही तुम्ही गिऱ्हाईकच राहाल. एक मावशी धरा, आणि आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी तिच्याकडे जा. पहिले दोन महिने घासाघीस करू नका. सकाळच्या भवानीच्या वेळी तर नाहीच नाही. सुट्टे पैसे घेऊन जा. यूपीआय चालतं का ते आधी विचारा, कारण पुष्कळ जणींचा क्यूआर कोड मुलाच्या किंवा पुतण्याच्या खात्याचा असतो आणि ते पैसे संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातात येत नाहीत. परतीच्या गाडीआधी दुसऱ्या दिवसाचा माल उचलायचा असेल, तर रोख रकमेचं मोल वेगळंच.

प्रश्न विचारायची पद्धतही महत्त्वाची आहे. "हे ऑर्गेनिक आहे का?" असं विचारलं की उत्तर "हो"च येतं, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे समोरच्याला कळतं. त्यापेक्षा "कुठल्या गावची?", "पाणी विहिरीचं की बोअरचं?", "अजून किती दिवस येईल?" असं विचारा. ज्या बाईनं स्वतः तोडणी केलीय ती थांबून, रंगून सांगते. पालेभाजीच्या बाबतीत "कुठली?" हा प्रश्न विचारायलाच हवा. मुंबईत रेल्वेच्या रुळांकाठीही पालक, लाल माठ, भेंडी पिकत आली आहे, आणि तिथल्या पाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. उत्तर टाळलं जात असेल, तर त्या दिवशी पालेभाजी न घेता दुसरं काही घ्या, पण चारचौघांत तिचा पाणउतारा करू नका.

मासळीत शिकण्यासारखं जास्त आहे. कल्ले लाल हवेत, डोळा वर आलेला हवा, बोट दाबलं तर खळगा राहू नये, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं ज्ञान मासळीवालीकडे आहे. "आजची की बर्फातली?" असं सरळ विचारावं. मोठ्या बोटी बरेच दिवस समुद्रात राहून येतात, त्यामुळे बर्फातली मासळी वाईट असते असं नाही, पण भाव तसा हवा. बोंबील, जवळा, मांदेली ही डोलीच्या जाळ्यातली मासळी. ते जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, म्हणून पुनव-अवसेच्या उधाणाला माल चांगला येतो आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या, दिवसांत कमी. हे कळलं की कॅलेंडरावरची तिथी बघून बोंबलाचा बेत ठरवता येतो. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनपासून बंद होते. तेव्हा "मावशी, आज पापलेट का नाही?" असं विचारणारा लगेच ओळखू येतो. त्या दिवसांत खाडीची चिवणी, तिसऱ्या, खेकडे आणि सुकी मासळी. सुकी मासळी एप्रिल-मेमध्येच, आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, खरेदीत भरून ठेवायची. कुठलं सुकट कोरडं वाळलंय आणि कुठलं ओलसर राहिलंय, हे मासळीवालीनं एकदा हातात देऊन दाखवलं की कायमचं लक्षात राहतं.

तिसरी पायरी: रानभाजीवालीचं ऐका

या भागावर मी मुद्दाम रेंगाळतो आहे, कारण माहिती हातोहात कशी जाते आणि कुठं तुटते ते इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं.

जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरींच्या आगेमागे, शेवळं येतात. जांभळट-तपकिरी, टोकदार, जुडी बांधलेली. विकणाऱ्या बहुतेक जणी वारली, ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी समाजाच्या. पालघर, शहापूर, मुरबाड, कर्जतच्या रानातून त्या शेवळं खुडून आणतात आणि त्याबरोबर छोटी हिरवी आंबट फळं ठेवतात. ती काकडं. नवीन गिऱ्हाईक म्हणतं, "नुसती शेवळं द्या, हे नको." त्याला वाटतं, आणखी एक वस्तू गळ्यात मारतायत. शेवळं सुरणाच्या कुळातली आहेत, घशाला खाजतात, आणि ती खाज काकडाच्या आंबटपणानं जाते हे त्याला ठाऊक नसतं. आवरण सोलून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा हेही ठाऊक नसतं. मग रात्री जेवताना घसा धरतो, भाजी फेकली जाते, आणि पुढच्या वर्षी ते घर शेवळाकडे ढुंकून बघत नाही. त्या घरापुरतं एका भाजीचं ज्ञान तिथंच संपतं.

तेच गिऱ्हाईक "कशी करता तुम्ही?" असं विचारतं, तेव्हा ती बाई हातातली जुडी सोडून एक शेवळ सोलून दाखवते. काकडं वाटून त्याचं पाणी घालायचं, तेल थोडं सढळ हातानं, आणि घाई करायची नाही, नीट शिजू द्यायची. मुंबईतल्या पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत शेवळं कोलंबी किंवा खिमा घालून होतात. आदिवासी घरांत साधी होतात. दोन्ही करून बघा. पण दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडे जाऊन "केली होती, छान झाली" हे सांगायला विसरू नका. आपल्या रानातल्या वस्तूची शहरातल्या माणसानं कदर केली, हे तिला कळायला हवं. त्यानंतर ती तुमच्यासाठी काय काय आणेल बघा.

शेवळांपाठोपाठ टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, करटोली येतात. प्रत्येकीची खोड वेगळी. टाकळा कोवळाच घ्यावा. फोडशीच्या पातीतला मधला कडक दांडा काढावा लागतो. भारंगीचा पाला उकडून पाणी टाकतात, नाहीतर कडू लागते. करटोलीला विशेष काही लागत नाही, म्हणूनच ती सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी संपते.

एक सूचना कळकळीनं करतो: पुस्तकातलं किंवा मोबाइलमधलं चित्र बघून स्वतः रानात भाजी खुडायला जाऊ नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून काहीही तोडून आणायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे. आणि बाहेरही सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत विषारी असतात. हे ज्ञान त्या बायकांचं आहे, पिढ्यांचं आहे. त्यांच्याकडून विकत घ्या, त्यांच्याकडून शिका, आणि कुणाला सांगाल तेव्हा कुणाकडून शिकलात तेही सांगा. जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या, सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. ठाणे किंवा पालघर जिल्ह्यातल्या महोत्सवाला जमलं तर एकदा जाऊन या. एका दिवसात वीस-पंचवीस भाज्या नावानिशी बघायला मिळतात आणि रांधणारीशी बोलता येतं.

चौथी पायरी: गट लहान ठेवा

आता इमारतीत किंवा गल्लीत गट करायचा. आठ ते बारा घरं पुरेत. त्याहून कमी असली तर शेतकऱ्याला गाडीभाडं परवडत नाही. जास्त झाली तर पहिल्या महिन्यात कुणी कुणाला ओळखत नाही आणि वाटप करणाऱ्याचा जीव जातो. सुरुवातीला ओळखीतली घरं घेण्याचा मोह होतो, एकाच गावची, एकाच जातीची, एकाच ऑफिसातली. मुंबईत गावकी मंडळांच्या, म्हणजे एका गावची माणसं एकत्र राहत त्या, खोल्यांपासून हीच रीत आहे आणि तिचे फायदेही आहेत, कारण भरवसा आयता मिळतो. पण असा गट लवकरच आपल्यापुरता मिटून जातो. सगळ्यांना तेच ठाऊक असतं, सगळ्यांना तीच भाजी हवी असते. बारातली चार घरं तरी वेगळ्या गावची, वेगळ्या भाषेची असू द्या. वैदर्भीय घराला अंबाडी कळते, मालवणी घराला कुळीथ, बंगाली घराला लाल भोपळ्याची फुलं. शेतकरी ट्रेमध्ये जास्तीचं काही टाकतो तेव्हा ते वाया न जाण्याचा सगळ्यात चांगला उपाय हाच.

मांसाहार-शाकाहारावरून पुष्कळ सोसायट्यांत कटुता असते. गटात मासळीही आणायची असेल तर हे पहिल्या बैठकीतच मोकळेपणी बोलून घ्या, वाटपाची जागा आणि वार वेगळे ठेवा. मासळी खाणाऱ्यांना "गट फक्त भाजीचा" असं म्हणून आडून बाजूला करणं मला मान्य नाही. मुंबईचं स्थानिक अन्न म्हणायचं आणि कोळीवाडा वगळायचा, हे जमायचं नाही.

पाचवी पायरी: शेतकरी कसा शोधायचा

पहिला मार्ग म्हणजे तुमची भाजीवाली. तिच्याच गावात कुणाची तरी वांगी, मिरची, काकडी असते. तिला बाजूला सारून थेट तिच्या शेजाऱ्याशी व्यवहार करू नका. तिला मधे ठेवा, तिचा वाटा ठरवा. ज्या बाईनं ओळख करून दिली तिलाच व्यवहारातून उडवणं हा विश्वासघात आहे, आणि ती गोष्ट त्या मालडब्यात एका दिवसात पसरते.

दुसरा मार्ग सरकारी, आणि लोक समजतात त्यापेक्षा कितीतरी उपयोगी. डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भातावर काम करणारं संशोधन केंद्र आहे. तिथल्या मंडळींना कुठल्या गावात कोण काय पिकवतं हे ठाऊक असतं. जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची माहिती कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात मिळते. पणन मंडळाच्या 'संत शिरोमणी सावता माळी' शेतकरी आठवडे बाजारातही शेतकऱ्यांची थेट गाठ पडते. फळं-भाज्या २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्या, त्यामुळे शेतकऱ्यानं तुमच्या इमारतीच्या आवारात येऊन विकण्यात कायद्याची आडकाठी नाही. सोसायटीच्या कमिटीला हे सांगावं लागतं, कारण "हे चालतं का?" ही शंका हमखास निघते.

रसायनमुक्त हवं असेल तर पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीबद्दल विचारा. यात एकाच भागातले किमान ५ शेतकरी गट करतात, एकमेकांच्या शेतात जाऊन पाहणी करतात आणि एकमेकांची हमी घेतात. एकानं गडबड केली तर सगळ्यांचं प्रमाणपत्र अडचणीत येतं. मला ही पद्धत महागड्या प्रयोगशाळेच्या शिक्क्याहून जास्त पटते, कारण हमी देणारा माणूस बांधाला बांध लावून राहतो. तुमच्या गटालाही अशा पाहणीला जायला मिळालं तर सोडू नका. वर्षातून दोनदा तरी शेतावर जा, शक्यतो एकदा लावणीला. ज्यानं चिखलात अर्धा तास उभं राहून रोप लावलंय, तो पुढं तांदळाच्या भावावर वाद घालत नाही.

नावांबद्दल सावध राहा. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन आहे, पण वाडा कोलम म्हणून विकला जाणारा प्रत्येक दाणा वाड्याचा नसतो. हापूसचं तेच. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. पेटीवर देवगड छापलं म्हणजे आंबा देवगडचा झाला असं नाही. ओळखीचा बागायतदार हाच इथं खरा पुरावा. अलिबागचा पांढरा कांदा, घोलवडचा चिकू, बदलापूरची जांभळं यांनाही हेच लागू.

सहावी पायरी: पैशाचं आधी ठरवा

गट मोडतात ते पैशावरून, आणि रक्कम फार मोठी नसतानाही मोडतात. म्हणून तीन गोष्टी पहिल्या दिवशी लिहून काढा.

एक, आगाऊ रक्कम. समजा बारा घरं आहेत आणि दर आठवड्याला प्रत्येकी २५० रुपयांची भाजी घेतात. म्हणजे आठवड्याचे ३,००० रुपये झाले. चार आठवड्यांचे १२,००० महिन्याच्या सुरुवातीला शेतकऱ्याला दिले, तर त्याला बियाणं आणि मजुरीसाठी दुसरीकडे हात पसरावे लागत नाहीत. हीच तुमच्या गटाची सगळ्यात मोठी ताकद आहे.

दोन, भाव. बाजारभावाच्या मागे रोज धावू नका. तीन महिन्यांसाठी एक दर ठरवा. टोमॅटो बाजारात शंभरीवर गेला तरी तुम्हाला ठरल्या दरात मिळेल, आणि दहा रुपयांवर आला तरी तुम्ही ठरला दर द्याल. पडत्या भावाच्या वेळी पहिली चुळबुळ सुरू होते. त्याच वेळी गट टिकला पाहिजे.

तीन, पाऊस आणि कीड. एखाद्या आठवड्यात नुसता दुधी आणि चवळीच आली, तर काय? आमच्याकडे नियम असा की ट्रेमध्ये जे आलं ते समान वाटायचं, ज्याला नको त्यानं गटातच दुसऱ्याला द्यायचं, पैसे परत मागायचे नाहीत. ज्यांना निवडून-टिपून हवं त्यांच्यासाठी बाजार आहेच.

हिशेब एकानं ठेवावा, पण बघावा सगळ्यांनी. महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो गटावर टाकावा. कुणी चढ्या आवाजात विचारायच्या आधीच कागद समोर असला की निम्मी भांडणं होतच नाहीत.

सातवी पायरी: माहिती लिहून ठेवा, आणि परत पाठवा

व्हॉट्सअ‍ॅपवर गट करून भागत नाही. तिथं सकाळी आलेली उपयोगी गोष्ट संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडली जाते. दोन साधे नियम पाळा. गटावर फक्त माल, वेळ, पैसे आणि कृती; बाकी काही नाही. आणि कृती लिहिताना तिचं मूळ सांगा: "करटोली, काप करून, मिठाच्या पाण्यात न टाकता परतलेली. शहापूरच्या ताईंनी सांगितलेली." शिवाय एक जाड वही ठेवा. कुठल्या आठवड्यात काय आलं, कसं निघालं, कुणी काय करून बघितलं. दोन पावसाळे लिहून झाले की वही तुमच्या भागाचं पंचांग होते: वालाची पापडी कधी सुरू होते, पोपटी लावायला, म्हणजे मडक्यात घालून भाजायला, शेंगा कधी भरतात, अळू कुठल्या महिन्यात खाजत नाही.

हे ज्ञान शेताकडेही परत गेलं पाहिजे. "वांगी या वेळी कडू होती", "गवार तिसऱ्या दिवशीही टवटवीत राहिली", एवढं कळवलं तरी शेतकऱ्याला पुढच्या हंगामाचं बी निवडायला मदत होते. बाजार समितीत माल टाकल्यावर त्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, मिळते; चवीबद्दल कुणी काही कळवत नाही.

महाराष्ट्रात याचा मोठा धडा श्री. अ. दाभोलकरांनी घालून दिला आहे. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी आपापल्या शेतावर प्रयोग करत आणि त्यातून काय कळलं ते एकमेकांना सांगत. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी या देवाणघेवाणीतून जे साधलं ते सर्वांना ठाऊक आहे. मुंबईशीही त्याचा धागा जुळतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच विचारातून, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याची माती करून, फळझाडं आणि भाज्या पिकवल्या. गच्चीवर किंवा खिडकीत तुम्ही कढीपत्ता, मिरची, अळू लावाल तेव्हा हीच पद्धत उपयोगी पडते: पालापाचोळा, भाजीची देठं, थोडं शेण, गूळ आणि वेळ. कुंड्यांना विकतची माती भरायच्या आधी हे करून बघा, आणि काय झालं ते वहीत लिहा.

आठवी पायरी: कोण बाहेर राहिलं ते बघा

बारा घरांचा गट नीट चालायला लागला की आपल्याला आपलं बरं वाटतं. त्या वेळी खाली वॉचमनच्या खोलीत काय शिजतंय ते विचारा. घरी कामाला येणाऱ्या ताईंना आगाऊ पैसे देणं जमणार नाही, पण रोजच्या रोज, ठरल्या दरात भाजी घेणं जमेल. त्यांच्यासाठी दोन वाटे राखून ठेवा. आणि त्यांना विचारा, कारण रेशनचा चांगला तांदूळ कुठल्या दुकानात कधी येतो, स्वस्त आणि ताजं कुठं मिळतं, हे त्यांना तुमच्याहून कितीतरी जास्त ठाऊक असतं.

मुंबईत अन्नाच्या जोरावर एकमेकींना उभं केल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण गिरणगावातलं आहे. गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात रुतलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना एकत्र आणलं. तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. हे करणाऱ्या बायका रोज डबे भरणाऱ्या होत्या. आजही तुमच्या गल्लीत पोळी-भाजी, पुरणपोळी, मसाले करून विकणारी एखादी ताई किंवा बचत गट असेलच. गटाच्या भाजीतला उरलेला भाग त्यांना आधी विचारा, सणाची ऑर्डर त्यांना द्या, आणि अन्नसुरक्षा नोंदणी झालेली नसेल तर अर्ज भरायला गटातल्या कुणीतरी बसून मदत करा. घरी शिजवून विकणाऱ्यांनाही ती नोंदणी लागते, आणि ऑनलाइन अर्जाच्या भीतीनं पुष्कळ जणी मागे राहतात.

नववी पायरी: मावशीचा माल उचलला तर

हे लिहायला नको होतं असं वाटतं, पण मुंबईत ही वेळ येतेच. एका सकाळी तुमची भाजीवाली जागेवर दिसत नाही, आणि कळतं की पालिकेनं तिचा माल उचलून नेला. अशा वेळी हळहळ पुरत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. मावशीकडे काही जुनी पावती, ओळखपत्र, सर्वेक्षणाची चिठ्ठी आहे का ते बघा, त्याची प्रत तुमच्याकडेही ठेवा. वॉर्ड ऑफिसला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या: ही बाई अमुक वर्षं इथं बसते, रस्त्याला अडथळा होत नाही, आम्ही तिच्याकडून नियमित खरेदी करतो. बारा घरांच्या सह्यांचं पत्र काय करू शकतं हे मी बघितलं आहे. आणि सोसायटीच्या आवारात आठवड्यातून एक सकाळ तिला बसायला जागा देता येत असेल, तर त्यासाठी कमिटीत जाऊन बोला, एका वर्षी नकार आला तर पुढच्या सर्वसाधारण सभेत पुन्हा मांडा.

दहावी पायरी: काम फिरतं ठेवा

जो गट एकाच उत्साही माणसाच्या जिवावर चालतो, तो त्याची बदली झाली की बंद पडतो. मुंबईत भाड्याची घरं अकरा महिन्यांनी बदलतात, तेव्हा हे होणारच असं धरून चाला. ऑर्डर घेणं, वाटप, हिशेब आणि शेतकऱ्याशी बोलणं ही चार कामं चार घरांकडे द्या आणि दर तीन महिन्यांनी बदला. बोलण्याचं काम बदलताना नव्या माणसाला बरोबर घेऊन शेतावर किंवा स्टेशनावर जा, समोरासमोर ओळख करून द्या. नुसता फोन नंबर पाठवून हे होत नाही, कारण शेतकरी "कोण बोलतंय?" असं विचारतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्या घराची बदली ठाण्याला, पुण्याला किंवा आणखी कुठं होते, त्यांना वहीची झेरॉक्स द्या, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या भाडेकरूंना पहिल्या आठवड्याची भाजी पैसे न घेता पाठवा. शेवळाचे दिवस असतील तर काकडंही त्याबरोबर द्या, आणि कशी करायची ते दारात उभं राहून सांगा.